काकीची वही

काकी गेली त्याला येत्या कार्तिकात वर्ष होईल. तिचं नेमकं वय किती ते कुणालाच सांगता यायचं नाही. आमच्या बाजूला त्या काळी मुलींच्या जन्मतारखा कोण लिहून ठेवतंय? पण १९६३ साली काका वारले तेव्हा ती बत्तिशीच्या आसपास होती असं माझी आई सांगायची. त्या हिशेबानं त्र्याण्णव-चौऱ्याण्णव धरायला हरकत नाही. विरारला धाकटीच्या घरी, पहाटे, झोपेतच गेली. आदल्या रात्री पेज आणि सुका बांगडा खाऊन झोपली होती. "बांगडो खारट जालो," ही तिची शेवटची तक्रार.

बाराव्याला गावी आम्ही सगळे जमलो होतो. काकीच्या आठवणी निघाल्या, हसणं झालं, रडणं झालं. मीही चार किस्से सांगितले. शिक्षकाला बोलायची सवय असते, आणि मंडळींनाही मी बोललेलं आवडतं. पण एक गोष्ट मी तिथे सांगितली नाही. ती माझ्या मुलांनाही ठाऊक नाही. तुमच्यापैकी बरेच जण नात्यातले आहात, म्हणून इथे लिहितो आहे. तोंडानं सांगणं जमलं नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो.

काका लालबागला एका गिरणीत साच्यावर होते. ते गेले तेव्हा काकीच्या पदरात दोन मुली, चाळीतली बारा बाय दहाची खोली आणि वर माळा, एवढंच होतं. गावी दीर, जावा, जमीन होती, पण जमीन म्हणजे कातळावरचे दोन कुणगे. सगळ्यांनी सांगितलं, गावी ये. ती आली नाही. महिन्याभरात तिनं खानावळ सुरू केली. पहिले चार मेंबर काकांच्याच खात्यातले होते. (खानावळीत जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणत. माझ्या तोंडात अजून तोच शब्द आहे.)

मुंबईत ज्यांनी गिरणगाव पाहिलं नाही त्यांना खानावळ म्हणजे हॉटेलासारखं काहीतरी वाटेल. तसं नव्हतं. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुलं गावी ठेवून यायचे. एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण, सगळे बहुधा एकाच गावचे. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, त्यामुळे वळकट्याही पाळीपाळीनं पसरायच्या. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा. त्यांच्या जेवणाचं काय? तर अशाच एखाद्या काकीकडे, मावशीकडे, वहिनीकडे महिन्याचं ठरवायचं. पगाराला पैसे द्यायचे. बहुतेक खानावळवाल्या काकीसारख्याच असायच्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा बिछान्याला खिळलेला, कुणाचा दारूत बुडालेला.

मी १९६६ च्या मे महिन्याच्या शेवटी, बोटी बंद व्हायच्या आत, देवगडहून मुंबईला आलो. मॅट्रिकचा निकाल लागायचा होता. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा पोटात काही उरलं नव्हतं, सगळं समुद्राला अर्पण केलेलं. घरी पोहोचलो तर काकीनं माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. परातीत पीठ मळताना विचारलं, "जेवलंस?" त्यानंतर पाच वर्षं मी त्या खोलीत राहिलो. बी.ए.ची चार आणि बी.एड.चं एक.

काकीचा दिवस पहाटे साडेतीनला, नळाला पाणी आलं की सुरू व्हायचा. सातच्या पाळीला जाणाऱ्यांची चहा-भाकरी, मग त्यांचे डबे. डबे अकराच्या सुमारास गिरणीच्या गेटवर पोहोचवायचे, ते काम मोठी करायची. ती लग्न होऊन गेल्यावर धाकटी करू लागली. दुपारी रातपाळीवाले झोपून उठून जेवायला यायचे. साडेतीनला पाळी सुटली की पहिल्या पाळीचे चहाला. रात्री बारानंतर दुसऱ्या पाळीचे. ते येईपर्यंत काकी भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की न बघता ओळखायची, आणि त्या पावलाच्या मानानं भात वाढायची. घासलेटची रांग, रेशनची रांग, कोळसा... ते वेगळंच. मेंबरांची रेशनकार्डं तिच्याकडेच असायची, एका पत्र्याच्या डब्यात. बुधवार-शुक्रवार-रविवार मासळी. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी त्या खोलीत शिजायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घाटावरच्या बायका नाक दाबायच्या आणि मग वाटी घेऊन यायच्या.

काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. हिशेब तोंडी. पण मेंबर वीसच्या वर गेले तशी गडबड होऊ लागली. मी आलो आणि आठ दिवसांत तिनं माझ्यापुढे लाल कापडी बांधणीची एक लांब वही टाकली. "लिव."

प्रत्येक मेंबरला एक पान. वर नाव, गाव, गिरणी, पाळी. खाली महिने. पस्तीस रुपये महिना होता तेव्हा. जो गावी गेला किंवा जेवला नाही त्याचा खाडा धरायचा आणि तेवढे पैसे वजा करायचे. कुणाचा पाहुणा आला तर ते जेवण जादा. काकी रात्री भांडी घासता घासता सांगायची आणि मी लिहायचो. तिची आठवण इतकी चोख की मी मुद्दाम चूक केली तरी पकडायची. "त्येचे तीन खाडे नाय, चार. सत्यनारायणाच्या दिवशी तो भावाकडे जेवलो." माझं अक्षर चांगलं होतं. मेंबर लोक पान बघून म्हणायचे, मास्तर होणार हा. तसा झालोही.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्यांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तोवर या बायका वाण्याच्या व्याजात बुडालेल्या असत. पगार महिन्यानं होणार आणि तांदूळ आज हवा, मग वाणी सांगेल तो भाव आणि सांगेल ते व्याज. मंडळामुळे राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज बायकांना स्वतःच्या नावावर मिळू लागलं. काकीनंही घेतलं. सही करायला तिथेच शिकली, आकडेही शिकली. पहिल्यांदा सही केली त्या दिवशी तिनं मला डोंबिवलीहून बोलावून घेतलं, का तर कागद दाखवायला. तिच्या आडनावातला एक काना राहिला होता. मी तो दाखवला. (आता वाटतं, नसता दाखवला तर काय बिघडलं असतं. पण तेव्हा मी नवा नवा मास्तर होतो.)

या कर्जाची खुबी अशी की बायकांचे गट असत. एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांना झळ. काकीनं कधी हप्ता चुकवला नाही. म्हणजे १९८२ पर्यंत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, महिना, फार तर दोन महिने. होळी गेली, पाडवा गेला. पुष्कळ जण गावी निघून गेले, पण सगळेच कुठे जाणार? काहींना गावी तोंड दाखवायची लाज, काहींना वाटायचं आज-उद्या भोंगा वाजेल. ते राहिले, आणि राहिले म्हणजे जेवायला आलेच. खानावळी पटापट बंद होत होत्या. काकीची चालू होती. मासळी गेली, मग डाळ पातळ झाली, मग नुसती भात-कढी. पण पान वाढलं जात होतं.

मी तेव्हा डोंबिवलीला भाड्यानं राहायचो. लग्न झालेलं, मुलगा चार वर्षांचा. आदल्या वर्षी आम्ही एक ब्लॉक बुक केला होता, एक खोली आणि किचन. त्याचे हप्ते. महिन्यातून एका रविवारी मी अजूनही लालबागला जाऊन वही लिहायचो. जवळजवळ नेम होता तो. फेब्रुवारीपासून त्या वहीत जमेच्या बाजूला काहीच लिहायला नव्हतं. मी दर वेळी म्हणायचो, "काकी, बंद कर." ती म्हणायची, "पोटाक संप कळना नाय." या वाक्यावर काय बोलणार?

श्रावणातली गोष्ट. रविवार होता. काकी वही घेऊन स्वतःच डोंबिवलीला आली. एकटी, गाडीनं. आमच्याकडे ती तोवर दोनदाच आली होती. सुनेसाठी भाजणी आणली होती पिशवीतून. बसली, पाणी प्यायली, मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, बँकेचे दोन हप्ते राहिलेत, वाण्यानंही हात आखडता घेतलाय, पंधराशे रुपये हवेत. संप मिटला की देते.

माझ्याकडे पैसे होते. हे मी स्पष्ट लिहितो, कारण इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा 'नव्हते' असंच सांगत आलो. ब्लॉकच्या पुढच्या हप्त्याचे तीन हजार कपाटात होते.

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो असतो तरी ठीक होतं. मी वही उघडली. लाल पेन घेतलं. एकेक पान उलटत, ह्याच्याकडून इतके, त्याच्याकडून तितके, अशी सगळी बेरीज तिच्यासमोर केली. वर्गात 'ढ' मुलाला गणित समजावतात तसं. म्हणालो, "काकी, ही खानावळ आहे की धर्मशाळा? यांतले अर्धे परत येणार नाहीत. तू बुडशील आणि आम्हालाही बुडवशील." 'आम्हालाही' हा शब्द मी वापरला, मला नीट आठवतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं खुणेनं मला थांबवायचा प्रयत्न केला.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. "बरां," म्हणाली. "तुझा पण बरोबर आसा. पोर लहान आसा तुझा." मग जेवली. माझ्या बायकोच्या हातच्या अळूच्या फतफत्याला बरं म्हणाली. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी आली तेव्हा हात पुढे केला आणि म्हणाली, "वही दी माका." ती मी काखेत धरली होती, सवयीनं. दिली.

त्यानंतर तिनं मला वही लिहायला कधी सांगितलं नाही.

बाकी काही बदललं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पुढच्या वर्षी आमच्या ब्लॉकची वास्तुशांत झाली तेव्हा ती आदल्या दिवशी येऊन साठ माणसांचं जेवण करून गेली. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, खीर. माझ्या मुलीच्या बाळंतपणात सव्वा महिना राहिली. मी रिटायर झालो तेव्हा शाळेच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसली होती. कुणीही विचारलं तर सांगायची, "ह्यो माझो हिशेबनीस." पण वही? नाही. मी एकदा-दोनदा म्हणालो, काकी, आण वही, बघतो. "रवांदे," म्हणायची आणि विषय बदलायची.

हप्ते तिनं भरले. कसे ते मी विचारलं नाही. १९८४ साली धाकटीचं लग्न झालं. काकांच्या वेळची पुतळ्यांची एक माळ काकीकडे होती, धाकटीसाठी म्हणून राखलेली. आम्ही सगळ्यांनी ती पाहिलेली होती. लग्नात धाकटीच्या गळ्यात ती दिसली नाही. मी काकीला विचारलं तर म्हणाली, "मोडली." कधी मोडली, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मला ते ठाऊक होतंच.

संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, विरून गेला. मेंबर पांगले. काही जणांनी काकीचे पैसे फेडले, तेही वर्षा-दोन वर्षांनी, थोडे थोडे. एक जण दर वर्षी कापणी झाली की गावाहून उकड्या तांदळाची अर्धी गोण पाठवायचा, तो मरेपर्यंत पाठवत होता. एक जण काकी समोरून दिसली की रस्ता ओलांडायचा. काकी मग स्वतःच दुसरीकडे बघायची, त्याला ओलांडायला लागू नये म्हणून. बाजारात मी तिच्याबरोबर असताना हे दोनदा झालं.

फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल झाला तेव्हा एकदा मी तिला बघायला घेऊन गेलो. तिथली जुनी चिमणी ठेवली आहे, तिच्याकडे ती मान वर करून बराच वेळ बघत राहिली. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार होईना. तिथे गेटवर वॉचमनच्या कपड्यातला एक म्हातारा गडी तिला बघून एकदम अवघडून उभा राहिला. मी चेहरा ओळखला नाही, पण पान ओळखलं असतं. काकी जवळ गेली आणि विचारलं, "जेवलंस काय रे?" त्यानं मान हलवली. एवढंच. परतताना मी विचारलं, किती होते याच्याकडे? म्हणाली, "माका काय वाचूक येता?"

२०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली. त्याच्या आधी फॉर्म निघाले तेव्हा मी उत्साहानं चौकशी केली होती. १ जानेवारी १९८२ ला जो गिरणीच्या पटावर होता त्याला किंवा त्याच्या वारसाला घर. काका १९६३ सालीच गेलेले. आणि वीस-बावीस कामगारांना वीस वर्षं जेवायला घालणारी बाई कुठल्या पटावर असणार? मी चिडून बोलत होतो. काकी शेंगा सोलत होती. "माका कित्याक घर? मी खय गिरणीत कामाक होतंय?" तिच्या डोक्यात तो प्रश्नच आला नव्हता.

असो. आता वहीकडे येतो.

बारावं झाल्यावर महिन्याभरानं धाकटीनं फोन केला. काकीच्या ट्रंकेत तळाशी ती वही निघाली होती. मी विरारला गेलो. लाल कापड विटलेलं, कोपरे कुरतडलेले, पण आतली शाई शाबूत. १९६६ ते १९८२ च्या श्रावणापर्यंत सगळं माझं अक्षर. माझी लाल पेनातली ती बेरीजही होती. नंतर काही पानं धाकटीच्या हातची. आणि त्यानंतर काकीची. नावं नाहीत, कारण नावं लिहायला ती शिकली नव्हती. मेंबरच्या जुन्या पानावरच, माझ्या लिखाणाखाली, जेवणागणिक एकेक उभी रेघ. पाचवी रेघ आडवी. खाडा पडला की रेघेची जागा मोकळी सोडलेली. १९८३ च्या पावसाळ्यापर्यंत रेघा आहेत. खाली काही ठिकाणी वाकड्यातिकड्या आकड्यांत जमा आहे. पन्नास. वीस. एका ठिकाणी पाच. बेरीज कुठेच नाही.

ती मी केली. दोन दिवस धाकटीकडे राहून, रेघा मोजून. चौदा हजारांच्या वर येणं राहिलं होतं. त्या काळचे चौदा हजार.

पण मोजताना दुसरंच लक्षात आलं. पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली. १९६६ ते १९७१ या पाच वर्षांत त्या खोलीत जो कुणी जेवला त्याचं पान आहे. महिनाभर राहून गेलेल्यांचंही आहे. माझं नाही. लिहिणारा मीच होतो, आणि काकीनं कधी सांगितलं नाही म्हणून मी कधी घातलं नाही. खरं म्हणजे घालायचं असतं हे तेव्हा सुचलंच नाही.

शेवटाला काही पानं कोरी होती. एकावर मी माझं नाव घातलं. गाव, कॉलेज. पाळीच्या जागी काय लिहावं कळेना, ती मोकळी ठेवली. दरमहा पस्तीस, मे महिना गावी म्हणून वर्षाचे अकरा महिने, पाच वर्षं. एक हजार नऊशे पंचवीस. तिनं पंधराशे मागितले होते.

आणि मग धाकटीला समोर बसवून ती श्रावणातली गोष्ट सांगितली. तिला ठाऊक होती. माळ मोडायला सोनाराकडे काकीबरोबर तीच गेली होती. वय वर्षं अठरा. काकीनं तिला येताना सांगितलं होतं, दादाक ह्या सांगू नको.

धाकटीनं चष्मा लावला आणि मी लिहिलेलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. दिसायला ती आईवर गेलेली नाही, पण वही बघताना मान तशीच वाकडी करते.

"दादा," म्हणाली, "खाडे धरलेच नाय तू."

खरंच धरले नव्हते. दिवाळीत गावी जायचो, गणपतीत जायचो, परीक्षेच्या दिवसांत मित्राकडे. मी किती होते ते आठवू लागलो.

"आवशीक म्हायत होते," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली.